रकाना सात

रात्री अकरा ते पहाटे चार.
नियम पहिला : झोपलेल्याला उठवायचं नाही.
नियम दुसरा : बसलेल्याला धरायचं नाही.
तिसरा नुसता कन्नडमध्ये होता,
शिवबसूनं वाचला आणि हसला. सांगितला नाही.

खडेबाजारात शटरांखाली सतरा.
सतराव्याजवळ बॅटरी नेली तर
पांघरुणाखाली पोत्यांची घडी.
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात,
तशी धरून ठेवलेली जागा.
रुमाल मोजायचा का?
खोड, म्हणाला शिवबसू.
खोडलं.

कपिलेश्वर पुलाखाली
एका वाकळेतून बाहेर आलेले पाय चार,
त्यातले दोन लहान.
वय लिहा, लिंग लिहा, आणि उठवू नका.
टाचेच्या भेगांवरून काय काय कळतं माणसाचं?

सिव्हिलच्या व्हरांड्यात लगमव्वा, भिंतीला टेकून.
पेशंट कुठाय?
"होता की ओ. श्रावणात गेला."
ती मात्र अजून नातेवाईकच आहे तिथं.
वॉचमन गप्प, नर्स गप्प,
कुणाच्या तरी डब्यातली अर्धी भाकरी रोज तिच्याकडं.
"बाईमाणसानं रात्री झोपायचं नसतंय, मास्तरीणबाई.
मी दिवसा झोपते. देवळात,
जप केल्यागत बसून."
बसलेली. म्हणजे नियम दुसरा.

स्टँडवर भरमा हमाल.
थंडीत कमाई बरी झाली की
कोल्हापूरच्या शेवटच्या गाडीचं तिकीट काढतो,
पहाटेच्या गाडीनं परत.
"एवढ्यात खोली गावत न्हाई. झोपा दोन गावत्यात."
आम्ही मोजत असतो तेव्हा
त्याचं डोकं कोगनोळी नाक्यावर खिडकीला आपटत असतं.
तो इकडचा की तिकडचा,
या वादात आमच्या भागातल्या
दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.
त्याला कंडक्टर दोन तासांत उठवतो.

रकाना सात : कायमचा पत्ता.
कुणी शेताचं नाव सांगितलं, जे आता तळ्यात आहे.
कुणी भावाचं.
एकानं विचारलं, तुमचा काय हाय?
वडगाव, म्हटलं, मग गल्लीचं नाव गिळलं;
भाड्याचा करार मार्चमध्ये संपतो.

सकाळी बेरीज अठ्ठावन्न.
साहेब खूश. निवाऱ्यात खाटा साठ आहेत,
म्हणजे दोन शिल्लकच की!
त्यांनी सही केली, चहा सांगितला.
मी चहा प्याले.
हे आधीच लिहायला हवं होतं, पण प्याले.

शाळेला जाताना खडेबाजारातून गेले.
सतराव्या शटरासमोर एक म्हातारा
पोती झटकून घडी घालत होता, काठाला काठ जुळवून,
आई लग्नातलं लुगडं ठेवायची तशी.
"राती मोजायला आला होता म्हणं कोण तरी," तो म्हणाला.
"मी पाण्याला गेल्तो. बघून ठेवलंय न्हवं, माझं हितं हाय ते?"

कागद ऑफिसात जमा झालेला.
पेन्सिलनं खोडलं होतं,
उजेडाला धरला तर तो एक अजून दिसेल.
धरणार कोण,
आणि आत जाऊन सांगायचं तर
मला आठ दहाची घंटा गाठायची होती.