कुत्र्यानेच केलं

वाल्दिव्हियात मे महिन्यात पाऊस लागतो
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरलाही बुरशी धरते.
त्याच आठवड्यात मी तिसोनला घरी आणला:
मासळीबाजारामागे समुद्रसिंहांचं उष्टं खाऊन वाढलेला,
काळा, दीड कानाचा,
आता उरलेलं आयुष्य कोरडं काढायचं ठरवून आलेला.

दार उघडलं की उंबऱ्यापर्यंत यायचा,
एक पंजा बाहेर काढून हवा चाखल्यासारखं करायचा
आणि माझ्याकडे असा बघायचा
की जणू नळ मीच सोडलाय आभाळाचा.
मग वळून, सावकाश,
लोखंडी चुलीजवळच्या चटईवर
उरकून घ्यायचा.

शेजारचा ओस्वाल्दो म्हणाला, नाक घास त्यातच.
डॉक्टरीणबाई यानिरा म्हणाली, अजिबात रागवायचं नाही.
जेवणानंतर वीस मिनिटांनी, पट्टा लावून, त्याच जागी.
झालं की तिथल्या तिथे बक्षीस. घरात आल्यावर नव्हे.
चटईला व्हिनेगर, म्हणजे वास उरत नाही
आणि वास उरला नाही
की आठवण उरत नाही.

मग मी खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे घेऊन
छत्री कुत्र्यावर धरून उभी,
पाठ माझी भिजतेय.
अंगणात चार खांब रोवले, वर झिंकचा पत्रा टाकला.
पत्र्यावर पाऊस असा तडतडला
की तिसोन दोन दिवस पलंगाखालून निघाला नाही.
पत्रा काढला. ओस्वाल्दोच्या मोडीत निघालेल्या होडीचं
शिडाचं कापड बांधलं.
त्यावर पाऊस नुसता पुटपुटतो.

आई खिडकीतून बघायची, मांडीवर लोकरीचा गुंडा.
"माणसांचेसुद्धा इतके लाड कुणी केले नाहीत," म्हणायची.
"मला तर तुझी आजी, अंथरूण ओलं दिसलं की…"
आणि टाके मोजू लागायची.

एकोणीस ऑगस्ट, पहाटेचे पाच.
शिडाखाली तिसोनने पाय वर केला.
मी अशी किंचाळले की ओस्वाल्दोकडे दिवा लागला.
खिशातलं सगळं काळीज त्याला देऊन टाकलं.

त्यानंतर त्याचा घरात थेंब नाही.

सप्टेंबरात, सणाच्या आदल्या रात्री,
हात पिठात, एम्पानाद्यांच्या कडा मुडपत होते,
आणि चटईवर पाय पडला. ओली.
तिसोनवर खेकसले.
तो झोपलेला उठला, दीड कान पाडून
पोट घासत माझ्याकडे आला.
गुन्हा काय, त्याला ठाऊक नव्हता;
मी रागावलेय एवढं पुरे होतं.
आई खुर्चीच्या मागे उभी होती.
स्कर्ट मागून काळवंडलेला,
दोन्ही हात लोकरीत खोल.

"कुत्र्याने केलं," ती म्हणाली.

चुलीत ओलं लाकूड सुसकारत होतं.

"हो," मी म्हणाले, "मेला विसरला वाटतं पुन्हा,"
आणि व्हिनेगर आणायला गेले.
परतताना तिसोनला काळजाचा तुकडा दिला.
कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही.

आता जेवणानंतर वीस मिनिटांनी मी पट्टा काढते.
"आई, मी याला नेऊन आणते,
तेवढ्यात तूही जाऊन ये ना."
ती उठते. कधी उठत नाही.
उठली की मी काही बोलत नाही,
चहात साखर थोडी जास्त घालते.

नोल्बेर्तो आंतोफागास्ताहून फोन करतो,
वाळवंटातून, तिथे छत्री दुकानातही मिळत नसेल.
"घराला वास मारतो म्हणे, रोसाल्बा.
अजून शिकला नाही तो?
किती दिवस पुसत बसणार?
देऊन टाक. असतात जागा अशांसाठी."

चुलीपाशी दोघंही डुलक्या घेत होती,
तिसोनची हनुवटी आईच्या सपातेवर.

"शिकेल," मी म्हणाले.
"पाऊस जरा उघडू दे."