कल्ले

बांगडे मोजताना माझा आकडा चुकत नाही.
गिऱ्हाईक घासाघीस करतं, शेजारीण हाक मारते,
कावळा पाटीवर झेप घेतो,
बोटं आपली मोजत राहतात जोडीजोडीने,
शंभरावर पाच.

आज चौदा महिन्यांच्या साईशचे श्वास मोजते आहे
आणि तेविसाव्याला अडखळते.
मध्येच खोकला. तो धरायचा की सोडायचा?
पुन्हा एकपासून.

भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं घड्याळ,
त्याचा काटा नवावर येऊन थरथरतो, पुढे जात नाही.
म्हणून मोबाईल उशाशी.
लसीच्या दिवशी आशाताई म्हणाल्या होत्या,
पोर शांत असताना मोज, मिनिटभर, पुरं.
चाळीसच्या पुढे गेले तर दवाखाना.
अजूनही काहीतरी म्हणाल्या होत्या.
माझं लक्ष सगळं सुईकडे.

बावन्न.
परत मोजले. चोपन्न.

"सर्दी आसा ती," सासू म्हणाली,
"ओव्याच्या पुरचुंडीन शेक, फाटफटी बरा वाटतला."
दीर दारात, रिक्षाची किल्ली बोटाभोवती फिरवत:
"जावचा हा काय नाय, ता सांग."
नवरा चाळीस वावांत, जाळं टाकून बसलेला.
फोन लागत नाही. लागला असता
तरी त्याने मलाच विचारलं असतं.

मग साईश कुरकुरायचा थांबला.
घर हलकं झालं. सासूने हात जोडले, "बघ, निजलो मा."
दिराने किल्ली खुंटीला लावली.
खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर बरं वाटलं.

पदराखाली घेतला.
दोन घोट ओढले, सोडलं. पुन्हा तोंड लावलं, सोडलं.
दूध ओठाच्या कडेने मानेवर.
झबलं वर केलं, मोबाईलचा उजेड धरला.
शेवटच्या फासळीखाली कातडी आत ओढली जात होती,
दर श्वासाला एक खड्डा,
आणि नाकपुड्या, एवढ्याशा, फुललेल्या.

हे मी पाहिलेलं आहे.
कुठे, ते आठवायला वेळ लागला नाही.

वाळूवर ओतलेल्या जाळ्यात.
कल्ले उघडतात, मिटतात, उघडतात,
शेपटी आपटायची केव्हाच थांबलेली असते.
शांत झालेला मासा बरा झालेला नसतो,
हे आमच्या वाडीत कुणाला शिकवावं लागत नाही.
किती वेळा पाहिलं, हात कधी थांबला नाही.
बघा, अजून कल्ला हलतोय, म्हणत
मी दर चढवला आहे.

आणि आशाताईंचं उरलेलं वाक्य तेव्हा आलं:
खड्डा पडला तर मोजत बसू नको. निघ.

"किल्ली काढ."

"वेशीवर देवचाराक गाऱ्हाणा तरी घाल,"
सासू म्हणत होती. मी टॉवेल घेऊन वळले
तर ती माझ्याआधी रिक्षात बसलेली, अनवाणी.

त्याला उभाच धरला, पाठ माझ्या छातीला.
खाडीचा पूल, बर्फाच्या कारखान्याचा दिवा, चढ.
दीर खड्डे चुकवत होता आणि चुकत नव्हते.
मी मोजत नव्हते काहीच.

"कधीपासून?" नर्सने विचारलं.
महिन्याभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेली मी,
मला सांगता येईना.
श्वास जलद, दिवेलागणीपासून. खड्डा, आत्ता...
वाक्य संपेपर्यंत ती थांबली नाही.
मास्क, नळी, पाण्यातून बुडबुडणारा ऑक्सिजन.

उजाडायच्या सुमाराला डोळा लागला असावा.
जाग आली ती पुटपुटण्याने.
सासू खाटेशी वाकून, नजर एकदा त्याच्या पोटावर,
एकदा भिंतीवरच्या घड्याळावर.
तिला विसापुढे येत नाही,
ती जन्मभर कोडीवर मासे मोजत आली.

"काटो फिरान थंयच इलो," ती म्हणाली,
"दोन कोडी भरणत नाय गो आता."