काथ्याची मॅट

सोहारच्या कारखान्यांमागे
जिथे डांबर संपतं आणि खडी सुरू होते
तिथे शुक्रवारी पहाटे पाचला
यासीन हमदुले पिकअपमधून मॅट उतरवतो.
एक टोक मी धरतो.
काथ्याची आहे, दमट हवेनं आणखी जड,
उलगडताना तिला वास येतो म्हणे
दाभोळच्या धक्क्यावर वाळत पडलेल्या दोरांचा.
मी परांड्याचा. मला नुसती धूळ येते.

सिमेंटच्या पट्टीवर ती ताणायची,
कडेनं खिळे ठोकायचे, आमच्याच गोदामातले.
मुदीरला ठाऊक आहे.
सीमारेषेला रंगाचे रिकामे डबे.

तो दोन सामने खेळलाय. खरे, टीव्हीवरचे.
नऊ षटकं, अठ्ठावन्न धावा, एक बळी,
फलंदाजीत नाबाद तीन.
टोपी या मुलखाची, पासपोर्ट आपला,
आणि झेल सुटला तेव्हा तोंडून निघालेली शिवी बाणकोटी.
यष्ट्यांतल्या माइकनं ती जगभर पोचवली
आणि दाभोळातली दोन घरं सोडली
तर कोणालाच कळली नाही.
पहिल्या सामन्याचा पगार कापला गेला.
दुसऱ्याला मुदीर स्वतःच आला होता.

मी एकदा विचारलं, दोनच का?
त्यानं चेंडू माझ्या हातात दिला, शिवणीवर बोटं ठेवून दिली.
"मॅटवर हा चावतो. काथ्याला शिवण अडकते,
वीतभर आत येतो.
तिथं गवत होतं रे, कातरलेलं,
पाय ठेवायला लाज वाटेल असलं.
मी टाकला तो हाच चेंडू. हाच.
सरळ गेला.
भल्या माणसासारखा सरळ गेला,
आणि त्या पोरानं तो छपराबाहेर भिरकावला."

आणि तो एक बळी?
"वाईट चेंडू होता. कागदावर तसं लिहीत नाहीत."

शर्ट बायकोनं दाभोळात ठेवलाय,
डांबराच्या गोळ्या घालून.
पाठीवर नाव छापलंय 'हमदूल'.
मुलगा चिपळुणात औषधांचं दुकान चालवतो,
त्याला फुटबॉल आवडतो.

आता गुडघा वाकत नाही, म्हणून यासीन पंच.
बंदराच्या क्रेनांमागून सूर्य वर येतो,
नऊच्या आत सामना संपवायला हवा.
ट्रक भरणारा नवा पोरगा, नोआखालीचा, एकोणीसचा,
धाप लागेस्तोवर नुसता जोरात टाकतोय.
यासीन बाटलीतलं पाणी मॅटवर शिंपडतो,
ओंजळभर जागेवर,
आणि बुटाच्या टोकानं दाखवतो: इथं.

पोरगा पळत येतो.
चेंडू काथ्याला चावतो,
वीतभर आत येतो,
बॅट आणि पॅडच्या मधून जातो,
यष्टीला न लागता जातो.

पंचानं बोलायचं नसतं.
यासीन डाव्या खिशातला एक खडा
उजव्या खिशात टाकतो.
अजून तीन आहेत.