पंचवीस नंबर

तौफिक शिडीवरनं उतरला, हात पँटीला पुसत म्हणाला,
'वयनी, वायर चांगली हाय. पंचवीस नंबर वरनंच बंद हाय.'
वरनं म्हणजे कुठनं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
त्यानं फक्त खांबाकडं बोट केलं.
खांबाच्या पलीकडं विट्याचं कोरडं आभाळ.

चहा पिताना त्यानं खोली बघितली:
शिलाई मशीनखाली जुना कॉम्प्युटर, झाकण काढलेला,
शेजारी इन्व्हर्टर, आणि धूळ बसू नये म्हणून
वर ताणलेली माझी विरलेली ओढणी.
'हे कशाला? फुकट मेल मिळतंय की सगळ्यास्नी.'

कशाला, ते पटकन सांगता येत नाही.
माझ्याकडं अकरा दुकानांचे हिशेब आहेत.
त्रिशूर, मदुराई, रायपूर, एक थेट सिलचरला.
इथली माणसं तिथं सोनं गाळतात,
मी इथं बसून त्यांचे आकडे गाळते.
किती ग्रॅम आलं, किती तांबं निघालं, घट किती.
गलाईवाला आपली मूस दुसऱ्याच्या घरी ठेवत नाही.
एवढंच कारण. बाकी हट्ट.

मशीनचं नावही मी मूसच ठेवलं.

कंपनीच्या काउंटरवरची पोरगी नम्र होती.
'कायमचा पत्ता फक्त धंद्याला मिळतो, मॅडम.'
धंदाच आहे, म्हटलं.
'ऑफिस कुठंय?'
मागच्या खोलीत.
'मग ते घर झालं ना.'
अकरा दुकानं, चौदा वर्षं,
आणि एका वाक्यात मी पुन्हा ओट्यापाशी.

मग लांब कुठंतरी एक मशीन भाड्यानं घेतलं,
महिना तीनशे ऐंशी, घरमालक कधी न पाहिलेला.
मुशीपासून तिथवर भुयार खणलं, दोन रात्री खपून.
शेजारच्या खोलीत लेक दहावीची प्रमेयं घोकत होती,
तिची सुटली, मग माझंही सुटलं.
आता पत्र घरातून पदराआड निघतं,
तिकडं तोंड धुतं,
आणि त्याच पंचवीस नंबरच्या दारानं
उजळ माथ्यानं बाहेर पडतं.

पण जग विट्यासारखंच निघालं.
दारात गेलं की आधी विचारतात, कुणाची गं तू?
आकड्यावरून उलटं नाव काढतात,
सांगितलेल्या नावाशी जुळलं नाही
की ओसरीवरूनच वाटेला लावतात.
कुणी म्हणतं, आत्ता नको, मग ये.
मूस मग जाते. पंधरा मिनिटांनी. तासानं.
पाच-पाच दिवस जाते, तोंड वाकडं न करता.
एवढी चिकाटी माझ्यात असती
तर मी अजून त्या काउंटरवर उभी असते.

गुरुवारी लाइट गेली. इन्व्हर्टर दमला.
मूस चार तास गार.
सिलचरचं पत्र तोवर कुठल्या परक्या पायरीवर
बसून राहिलं असेल कोण जाणे.
आलं मात्र. सव्वासातला, भाकरी टाकताना.

रात्री नोंदी चाळते.
सोनारगल्लीची झाडलोट विकत घेतात आमची माणसं,
पोतंभर माती धुवून गुंजभर सोनं काढतात. तसंच हे.
हजार ओळी नुसत्या चोरांच्या,
रात्रभर कड्या हलवून बघणाऱ्या,
आणि मधेच एक ओळ: स्वीकारलं.
त्या ओळीवर बोट ठेवून मी जरा वेळ बसते.

मार्चचा ताळेबंद सर्जेरावमामांना पाठवला,
त्रिशूरला, पहिल्यांदाच मुशीतून.
दोन दिवस काही नाही.
तिसऱ्या दिवशी फोन, मागं भट्टीचा आवाज,
'मिळालं गं पोरी. कचऱ्यात पडलं होतं.'
मी गप्प.
मग तेच हसत म्हणाले,
'आपल्या धंद्यात कचरा कोण टाकून देतंय?'