बारा नंबर

बारा नंबरच्या जर्सीला घामाचा वास येत नाही.
दोन वर्षं ती माझ्या अंगावर होती
आणि दर सामन्यानंतर आई ती उगाचच धुवायची.

माझी कामं ठरलेली.
बाटल्या भरणं, सगळ्यांची कानातली रुमालात बांधून ठेवणं,
आणि तेजल मगदूमचा गुडघा.

तो गुडघा आष्ट्यात सगळ्यांना माहीत होता.
चढाईला जाताना ती तो आधी जरा वाकवायची,
नेम धरल्यासारखा,
मग समोरच्या सातजणींना कळायचंच नाही
पाय कुठून आला.
त्याच्या जोरावर शाळेच्या फाटकावर बॅनर लागला,
बिरनाळे सरांची बदली थांबली असंही कोण कोण म्हणायचं,
आणि विभागाला गेलो तर दहावीला वाढीव गुण
म्हणून गणितात कच्च्या चौघीजणी
(चौथी मी)
त्या गुडघ्याला मनातल्या मनात हात जोडायच्या.

विट्याच्या संघाशी खेळताना तो पकडीत पिळला.
उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला,
रेषेलगत बसलेल्या मला तेवढा ऐकू आला.
तिनं डोळ्यांनीच सांगितलं : गप.

मी गप.
आठ रात्री मी तिच्या घरी.
तिची आई हळदीच्या वखारीतून यायची
ती नखांपर्यंत पिवळी होऊन.
तुरटी, आंबेहळद, गरम लेप.
बोटानं दाबलं की सुजेत खड्डा पडायचा
आणि तो भरून येईपर्यंत मी आकडे मोजायचे.
नऊ.
दुसऱ्या दिवशी बारा.
फायनलच्या आदल्या रात्री एकवीस.

सांगलीच्या संकुलात शेवटची चार मिनिटं,
आम्ही दोन गुणांनी मागं.
सरांनी टाइम-आउट घेतला.
पहिल्या डावानंतर बसवलेली तेजल
एका पायावर उभी होती, मॅटकडे बघत.
"खेळतो की मी सर. काय हुईत न्हाई."
सर तिच्याकडे बघितले नाहीत.
माझ्याकडे वळले.
"मुजावर, पट्टी तू बांधतीस. खरं सांग."

तीस सेकंदांचा टाइम-आउट.
मागं कोणीतरी डबा वाजवत होतं.
ती गेली नाही तर कोण जाणार
हे मला माहीत होतं,
सरांना माहीत होतं,
तिलाही.

"सर, आत पाणी झालंय," मी म्हणाले.

तेजलनं पट्टी सोडली
आणि माझ्या हातात दिली,
अजून गरम होती.

मग मी गेले.
चार मिनिटांत तीन चढाया केल्या.
पहिलीत बोनस. दुसरीत हात रिकामे.
तिसरीत मध्यरेषा बोटभर राहिली
आणि माझ्या तोंडातला कबड्डी
"कब" वरच तुटला.
हरलो.

बॅनर पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला,
मग कुणाच्या तरी गोठ्यावर गेला.
मिरजेच्या डॉक्टरांना तिच्या आईनं विचारलं,
पोर त्या दिवशी खेळली असती तर?
ते म्हणाले, सांगता येत नाही.
काहींचं निभावतं.

निभावतं.
ह्या एका शब्दासाठी तेजल माझ्याशी बोलत नाही,
आणि तिचं चुकतं असंही मला म्हणवत नाही.
मी खरं सांगितलं.
मला खेळायचं होतं.
ही दोन्ही वाक्यं
एका श्वासात म्हणून बघायचा प्रयत्न मी करते,
रात्री, दार लावून.
दुसऱ्यापाशी दम जातो.

आज मधल्या सुट्टीत
ती वरच्या मजल्यावरून खाली आली,
दोन दोन पायऱ्या सोडत, दप्तर उडवत,
माझ्या शेजारून, न बघता.

मी पायऱ्या मोजल्या.
बावीस.
एकदाही थांबली नाही.