तिथून हवा जाते

घोरपडीचं फाटक पडलं होतं, म्हणून उशीर,
असं म्हणत एस्तेरबाई दुकानात शिरल्या.
मागे भाचा अमोस, हातात मोबाइल,
मोबाइलमध्ये परदेशातला कुठलातरी बँड:
धूर, निळा उजेड, पाठमोरी माणसं,
वर उंचच उंच पांढरी अक्षरं.
‘असं पाहिजे,’ अमोस म्हणाला. ‘मावशीचा ब्रँड.’

नाना पेठेत माझं हे दहा बाय बाराचं दुकान.
वाढदिवसांचे फ्लेक्स, लग्नपत्रिका,
दहीहंडीची बक्षिसं, श्रद्धांजलीचे बोर्ड.
ख्रिस्ती गाण्यांसाठी वेगळा फोल्डर आहे:
ढग फाडून आलेली किरणं, सतरा प्रकारची,
उघडे तळहात, गव्हाचं शेत
आणि एक कबुतर,
जे मी आजवर तीन अल्बमांवर उडवलंय
आणि एका वॉटर फिल्टरच्या पत्रकावर.

बाईंनी कबुतर नीट पाहिलं.
‘हे आमच्या वॉर्डाच्या खिडकीत बसायचं.
फार घाण करतं.’
तीस वर्षं रात्रपाळी केलेली नर्स.
हसल्या की नाही, कळलं नाही.

फोटो उघडला. चेहरा जरा उजळ करा, अमोस म्हणाला.
मी माउस धरला.
‘कोणाचा?’ बाईंनी विचारलं.
मग फक्त पंखा बोलत राहिला.
मी पट्टी सरकवत होती तिथे परत आणून ठेवली.

आता नाव. एस्तेर रणभिसे, बहात्तर पॉइंट.
‘एवढं?’
अठ्ठेचाळीस.
‘अहो, मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं
फळ्यावर खडूनं लिहितात ना, तेवढं करा.’
अमोसनं कपाळाला हात लावला.
‘मावशी, मोबाइलवर नखाएवढं दिसणार. कोण वाचेल?’
‘वाचायचं कशाला? गाणंय ना ते?’
दोघांचंही बरोबर होतं.
ॲडव्हान्स मात्र मी अमोसकडून घेतला होता.

संध्याकाळी पेटीचा फोटो काढायला गेलो.
या वेळी फाटकात मी अडकलो,
मालगाडीचे डबे मोजले, बावन्न.
पेटी पलंगाखालून निघाली,
चादरीत गुंडाळलेली, पेशंटसारखी.
भात्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी,
सलाइनची सुई धरून ठेवते ती,
एक उभी, एक आडवी.

मला धडधडलंच. मिळालं, म्हटलं.
काळपट भाता, पांढऱ्या दोन रेघा,
किरणं नकोत, धूर नको.
‘बाई, हाच तुमचा क्रूस. लोगो हाच.’
‘कसला क्रूस,’ त्या म्हणाल्या,
‘तिथून हवा जाते.’
आणि खात्री पटावी म्हणून
माझं बोट धरून त्या जागी ठेवलं.
बारीक, गार फुंकर.
जिवंत माणसाच्या नाकाशी धरल्यासारखी.

पोस्टर तेच झालं.
नाव खाली, खडूएवढं.
अमोसनं रात्री फोन करून
नावाला सावली तेवढी टाकून घेतली,
ती मी टाकली. बाईंना सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी क्वार्टर गेटजवळच्या हॉलमध्ये
पाहतो तर भात्यावर तिसरी पट्टी,
तिरकी, घाईनं लावलेली.
दारातल्या पोस्टराशी पेटी जुळेना.
‘आता?’ अमोस माझ्याकडे बघत राहिला,
जसा काही मीच चिकटवून आलो होतो.
बाई खाली बसल्या, पदर खोचला,
भाता एकदा ओढून पाहिला.
हवा जात नव्हती.