पाहणी, चेंदणी

टॅबलेट उन्हात दिसेना, म्हणून
धाकलीबाय नाखवांच्या ओट्यावर टेकलो.
उत्पन्न?
"खाडी देल ता."
मी शून्य टाकलं,
मग खोडून दोन हजार.
वल्हं आढ्याला टांगलेलं, मुलगा
पाण्याच्या टँकरवर क्लीनर.
सातबारा?
"पान्याचा असतो काय?"

पलीकडच्या गल्लीत, क्रुसाला लागून, सेराफिना मिरांडा.
तिच्याकडे सातबारा होता. दिरांनी विकला.
भाताच्या खाचरावर आता बावीस मजले,
दुपारी तीनलाच तिच्या अंगणात सावली.
लेक टोरांटोला. पैसे येतात.
दोन फ्रिज, एक बंद.

मूळ गाव दोघींनाही विचारलं.
धाकलीबायनं नुसतं बोट खाली केलं, जमिनीकडे.
सेराफिना म्हणाली,
"ह्याच की. बेट होता ना ह्या."
यादीत जिल्हे होते, छत्तीस.

कर्ज?
दोघीही नाही म्हणाल्या.
पण मिरांडांच्या मोरीशेजारी
भिंतीवर कोळशाच्या अकरा रेघा.
"धाकलीचे बोंबील," ती म्हणाली,
"मसाला कुटून दिला का पुसते."
हे कुठल्या रकान्यात?
मी 'इतर' दाबलं.
टॅबलेटनं विचारलं,
किती रुपये?